हिरामण मढवी, मयत

१

सूरतच्या पोलिसांनी पंढरी मढवीला चोर ठरवणारा लखोटा मी फोडला, तेव्हा पंढरी माझ्याच खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. शिंपी त्याच्या खांद्यांचं माप घेत होता आणि स्वारी नव्या गणवेशाच्या आनंदात पोट आत ओढून बसली होती.

मी नंदकुमार सबनीस. मुंबई पोलिसांतून निवृत्त झालो, वाशीला फ्लॅट घेतला आणि घरात बसवेना म्हणून तुर्भ्याच्या या गोदामात सुरक्षा अधिकारी झालो. संशय हा पूर्वी माझा धंदा होता, आता ती सवय आहे. माझी बायको चारुलता म्हणते, मी भाजीवालीच्या तराजूकडे ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं देव्हाऱ्याकडेही बघतो.

गोदामात परदेशी माल, तोही कस्टम्सच्या कुलपाखाली. त्यामुळे रखवालदार घेताना नियम कडक. उमेदवार पूर्वी जिथं जिथं राहिला, त्या प्रत्येक गावच्या पोलिसांना विचारायचं. आपल्या राज्यातलं उत्तर लवकर येतं. परराज्यातलं मात्र, प्रत्येक राज्य आपापलं कपाट कुलूप लावून बसलेलं असल्यामुळे, आलं तर आलं. सूरतचं आलं होतं.

‘पंढरी हिरामण मढवी, राहणार घणसोली, जिल्हा ठाणे. फेब्रुवारी १९८२मध्ये धक्क्यावरच्या बोटीतून डिझेल चोरताना अटक. गुन्हा कबूल. सहा महिने सक्तमजुरी.’ खाली वर्णन होतं. ‘बांधा सडपातळ, रंग सावळा, डोक्याचे नुकतेच मुंडण. वडील मयत.’

त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. मी पंढरीला आत बोलावलं आणि कागद वाचून दाखवला.

“साहेब, आईशप्पत, मी नाय केली चोरी. सूरतला व्हतो ते खरं. रेती काडायच्या ड्रेजरवर कामाला. पन त्याच्या आदल्या गनपतीलाच मी परत आलो, त्या वर्साचा शिमगा घरीच केला.”

“साक्षीदार?”

“घरातलेच. आनि सूरतला व्हतो ते मीच लिवलं ना फॉर्मवर? चोर लिवंल का?”

मुद्दा बरोबर होता. पण चोर शहाणेच असतात असं काही नाही, नाहीतर आम्हां पोलिसांना पगार कोणी दिला असता?

“नामदेवदादा तर बोललेला,” पंढरी पुढं म्हणाला, “सूरत कशाला लिवतो, उगा लफडा होईल. पन मी बोललो, खरं हाय तेच लिवनार.”

माझे कान टवकारले. नामदेव मढवी हा माझा मुख्य रखवालदार, पंढरीचा सख्खा चुलतभाऊ. पंढरीला माझ्याकडे घेऊन आला होता तोच. लफडं होईल हे त्याला आधीच ठाऊक होतं.

२

“कागद आलाय ना? मग विषय संपला,” आमचे पर्सोनेल मॅनेजर सुभाष दिघे म्हणाले. “शनिवारी कस्टम्सकडे यादी जाते. मढवीचं नाव काढा, ठेकेदाराचा माणूस टाका. टेन्शन कशाला घेता, सबनीस?”

त्यांना टेन्शन नव्हतं, कारण घर त्यांचं नव्हतं. हे गोदाम घणसोलीकरांच्या भातखाचरांवर उभं आहे. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी, असा करार. पंढरी नापास झाला की हिरामण मढवीच्या घराचा हक्क कायमचा बुडणार. शिवाय गावात चोर म्हणून नाव होणार, ते वेगळंच.

“बोटांचे ठसे पाठवू,” मी म्हटलं. “सूरतला पकडलेल्याचे ठसे गुजरातच्या कपाटात असणारच. पंढरीच्या ठशांशी ताडून बघतील.”

“किती दिवस लागतील?”

“महिने म्हणा.”

“मग शनिवारच्या यादीला त्याचा काय उपयोग?” दिघे हसले. त्यांची ही घाई मला आवडली नाही. त्या ठेकेदाराशी त्यांचं गूळपीठ आहे, हे मला ठाऊक होतं. पण दिघे कितीही पोचलेले असले, तरी सहा वर्षांमागं सूरतच्या कोठडीत कोणाला नाव बदलून बसवण्याइतके नव्हते.

मी नामदेवला बोलावलं. उंच, कमी बोलणारा गडी. दोन वर्षांत त्याच्या पाळीत एक खिळा इकडचा तिकडे झाला नव्हता. या गोदामात मी डोळे मिटून विश्वास टाकावा असा एकच माणूस होता.

“पंढरीला सूरत लिहू नको का म्हणालास?”

“परराज्यात कागद गेला की अडकतो साहेब. पोराची नोकरी जाईल म्हनून बोललो.”

“तिकडं गावातले आणखी कोण होते?”

“आमी तिघं गेलतो. पंढरी, सदू आनि मी. मी थोडेच दिवस.”

“सदू म्हणजे तो रेतीबंदरावरचा दारुडा? पंढरीच्या नावानं चोरी त्यानंच केली असेल.”

“नाय साहेब.” नामदेवनं इतक्या झटकन मान हलवली, की मीच दचकलो. “सदू तसला नाय. त्याला यात वढू नका.”

मी त्याला जायला सांगितलं. मग कपाटातून त्याचा स्वतःचा जुना फॉर्म काढला. वास्तव्याच्या रकान्यात एकच गाव होतं, घणसोली. थोडे दिवस तर थोडे दिवस, सूरतचा पत्ता नव्हता. त्यामुळे गुजरातला त्याच्याबद्दल कोणी कधी विचारलंच नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसमधून उतरून घणसोलीत गेलो. एका बाजूला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये एकमेकांना खेटून बसलेली घरं. मढवींच्या ओसरीवर एक म्हातारा जाळं विणत होता.

“हिरामण मढवी कुठं भेटतील?”

“मीच. बसा.”

मी बसलो आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं. सूरतच्या सरकारी कागदाप्रमाणे हा गृहस्थ सहा वर्षांपूर्वी मेला होता. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा.

हिरामण दात नसलेल्या तोंडानं खदखदून हसला. “मयत? बरा जाला! सरकारदरबारी माजं येक तरी काम पुरं जालं. जमिनीचा पैसा बाकी हाय, पन मरन मिलालं.”

हसून झाल्यावर मात्र त्याचे डोळे भरले. “साहेब, माजं पोर चोर नाय. शिमग्याला तो हितंच व्हता, माज्या बाजूला बसून त्यानं पुरनपोली खाल्ली. पन आमचं कोन ऐकनार?”

मी विचारात पडलो. कारकुनाची चूक म्हणून ‘मयत’ सोडून देता आलं असतं. पण आरोपीला प्रश्न विचारताना मी आयुष्य घालवलंय. माणूस नाव खोटं सांगतो, गाव खोटं सांगतो, कारण ते आधी ठरवलेलं असतं. पुढचे किरकोळ प्रश्न अचानक येतात आणि तिथं तोंडातून खरं निसटतं. पकडलेल्या माणसानं बापाचं नाव हिरामणचं दिलं, पण ‘बाप आहे का’ म्हटल्यावर स्वतःच्या बापाबद्दल बोलून गेला. चोराचा बाप वारलेला होता.

“सदूचे वडील आहेत का हो?”

“त्याचा बाप त्याच्या लहानपनीच खाडीत बुडाला. सदूच असंल साहेब! सगला गाव तेच बोलतो.”

सगळा गाव एक बोलतो, तेव्हा मला हमखास दुसरंच काहीतरी दिसायला लागतं. तरी मी उठलो आणि रेतीबंदराकडे निघालो.

४

सदू पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसला होता. भर सकाळी तोंडाला वास येत होता, पण डोळे शुद्धीवर होते. मी सूरतचं नाव काढल्याबरोबर त्यानं छाती पुढं केली.

“हां, मीच केली चोरी. पंढरीचं नाव मीच सांगितलं. लिवा. दारुड्याची अब्रू ती काय जानार?”

मला राग आला. कबुलीजबाब असा पानसुपारीसारखा कोणी पुढं करत नाही.

“ठीक आहे. किती डबे उचललेस?”

“दोन… तीन.”

“आणि डोक्याचा चकोट कशासाठी केला होतास?”

“चकोट?” तो गोंधळला. “मी कशाला चकोट करू? माजा बाप तर कवाच…”

तो थांबला. बोललेलं परत गिळता येईल का, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. ते मुंडण केलेलं डोकं कोणाचं होतं, हे त्याला आठवलं होतं.

“सदू, कोणाला वाचवतोयस?”

“साहेब, तुमी जा. मी बोललो ना मीच? माजी बोटं घ्या, फाशी द्या, पन जा.”

“बोटं तुझी जुळणार नाहीत. तुला ते माहीत आहे आणि मलाही.”

त्यानं खाडीकडे तोंड फिरवलं. परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडला. सूरतला गेलेले तिघं. एकाचा बाप मी नुकताच हसताना पाहिला होता. एकाचा बाप लहानपणीच गेला होता, त्याचं मुंडण कोण सहा वर्षांमागं करणार? उरला तिसरा. तो तिसराच असू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

५

नामदेवची आई शेवंताबाई हिरामणच्या भिंतीला लागून राहते. ती सुकट निवडत होती. कंपनीचा साहेब म्हटल्यावर तिनं पाट मांडला, पाणी दिलं आणि पोरगा कामावर नीट वागतो ना म्हणून विचारलं. मी ‘फार चांगला’ म्हणालो. ते खरं होतं.

“मावशी, तुमचे यजमान कधी गेले?”

“धर्माबाबा? सा वर्सं जाली, शिमग्याच्या आदी. नामदेव तवा सूरतला व्हता.” तिचा हात थांबला. “तार केली आमी. पोर आला नाय. मातीला नाय, दहाव्याला नाय. गनपतीला आला. गावानं लय बोल लावलं त्याला. बापाला पानी द्यायला आला नाय, असा कनचा पोर? पन त्याला तार पोचलीच नाय साहेब. तो समिंदरात व्हता, बोटीवर. पोचली असती तं धावत आला असता.”

“मग दहावा कोणी केला?”

“हिरामन भावजींनी. पन कावला पिंडाला शिवंना. दुपार जाली. सगली बोलली, धर्माचा जीव पोरात अडकलाय. मंग भावजी पुडं जालं, हात जोडलं आनि बोललं, ‘दादा, नामदेव आजपून माजा पोर. मी त्याचा बाप. तू सुखानं जा.’ तवा कुठं कावला आला.”

तिनं पदरानं डोळे टिपले. मी पाणी प्यायलो आणि उठलो. माझं कोडं सुटलं होतं, आणि ते सुटल्याचा आनंद मला अजिबात झाला नव्हता.

६

शुक्रवारी दुपारी मी नामदेवला बरोबर घेऊनच घणसोलीला गेलो. हिरामणच्या ओसरीवर पंढरी होता, शेवंताबाई होती. पलीकडे उंबऱ्याबाहेर, बोलावलं नसताना, सदू येऊन उभा होता.

“चोरीच्या वेळी चोराच्या डोक्याचं मुंडण झालेलं होतं,” मी सांगायला सुरुवात केली. “म्हणजे त्याच्या घरात नुकतंच कोणीतरी गेलं होतं. त्यानं बापाचं नाव हिरामण सांगितलं, पण बाप वारलाय असंही सांगितलं. सूरतला इथले तिघं गेले होते. त्यांत त्याच महिन्यात ज्याचा बाप वारला, असा एकच. तो मातीला आला नाही, दहाव्याला आला नाही, उगवला तो गणपतीत. शिक्षा सहा महिन्यांची होती.”

मी पुढं बोलत राहिलो.

“त्यानं नोकरीच्या फॉर्मवर सूरत लिहिलं नाही. भावालाही लिहू नको म्हणाला. आणि सगळं गाव सदूवर ढकलत असताना, सदू नाही असं छातीठोक सांगणारा तो एकटाच होता. खरा चोर माहीत असल्याशिवाय इतकी खात्री कोणाला असते?”

नामदेवनं डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि माझ्यापुढं ठेवली.

“तार सदूनं हातात दिली,” तो म्हणाला. “तापीवर डोकं भादरलं, आंघोल केली. भाड्याला पैसा नव्हता, मुकादम देईना. दहाव्याला तरी पोचायचं व्हतं. एक डबा उचलला, तो इकून गाडी पकडनार व्हतो. फाटकावरच धरला.”

“मग खोटं नाव कशाला सांगितलंस?”

“नाव खरं सांगितलं, तं बापाचं बी खरं सांगायला लागतं साहेब. बाबाची राख निवली नव्हती. चोराचा बाप म्हनून त्याचं नाव कसा लिवू देऊ? तोंडातून काकाचं घर निघालं. काका जित्ता हाय, मारंल, शिव्या घालंल, पन त्याचे पाय तरी धरता येतील. मेलेल्याचे कुठं धरू? मंग शिपाई बोलला, बाप हाय का? तवा खोटं निघंना.”

पंढरी ताडकन उठला. “आनि माजं काय, दादा? त्या नावाचा एक मानूस हितं गावात राहतो, त्याला उद्या पोट भरायचं हाय, हे तुला आठवलं नाय?”

“आठवलं. रोज आठवलं. म्हनून तर बोललो, सूरत लिवू नको.”

“मी खरं लिवलं म्हनून मी चोर, आनि तू लपवलं म्हनून तू शिट्टी वाजवत फिरतोस!”

आमच्या साऱ्या चौकशीचं सार पंढरीनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

शेवंताबाई मात्र वेगळाच हिशेब लावत होती. ती पोराजवळ सरकली.

“म्हंजे तुला तार पोचली व्हती?”

“हां, आये.”

“आनि तू डोकं उतरवलंस. नदीवर गेलास.” तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चोरी, तुरुंग, तिच्या कानापर्यंत काही पोचलंच नसावं. “बापाचं केलंस तू. गाव काय बी बोललं, तरी केलंस.”

७

नामदेवनं त्याच दिवशी जबाब लिहून दिला आणि दहाही बोटांचे ठसे दिले. ते मी स्वतः पोलिसांत नेऊन पोचवले. शनिवारच्या यादीत पंढरीचं नाव राहिलं. दिघ्यांनी बरीच कुरकुर केली. ठेकेदाराचं नाव मी जरा मोठ्यानं घेतल्यावर त्यांनी सही केली. नामदेवला मात्र घरी जावं लागलं. तो आता सदूबरोबर होडीवर जातो. त्याच्या जागी मी दुसरा मुख्य रखवालदार नेमला आणि तेव्हापासून रोज कुलपं स्वतः ओढून बघतो.

ठसे जुळल्याचं उत्तर सूरतहून यायला दिवाळी उजाडली. बरोबर एक कोरा नमुना होता. जुनी नोंद दुरुस्त करायची आहे, तरी आरोपीचं खरं नाव आणि वडिलांचं नाव भरून पाठवावं. तो घेऊन मी घणसोलीला गेलो. एव्हाना पंढरी भावाशी बोलायला लागला होता, म्हणजे निदान भांडायला तरी.

हिरामणला मी सगळं समजावून सांगितलं. “तुमचं नाव आता काढून टाकू. तिथं धर्मा मढवी लिहावं लागेल.”

म्हाताऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं.

“नको साहेब. धर्माचं नाव चोराच्या कागदावर नको. त्याच्यासाटीच तं पोर आत बसलं. पंढरीचं नाव काढा, ते काढलंच पायजे. पन बाप म्हनून माजं नाव हाय, त्यात चूक काय? मी कावल्यापुडं बोललेलो.”

“हिरामण, हा सरकारी कागद आहे.”

“मंग त्यात खोटं नको. तेवढं ‘मयत’ खोडा.”

हिशेबाला मी पक्का माणूस आहे. कागदावर कधी भलतं लिहिलं नाही. पण ठसे नामदेवचे होते, नाव नामदेवचं जात होतं, आणि त्यानंतर कोणत्याही राज्याला तो ओळखता येणार होता. मी त्याच ओसरीवर बसून नमुना भरला. वडिलांच्या रकान्यात हिरामण मढवी लिहिलं, आणि पुढं लिहिलं, हयात.